मिरीच्या मुळाशी जागा कोण धरणार?

पत्र, थोडक्यात : गोव्यातल्या सांगे तालुक्यात वडिलोपार्जित कुळागर, म्हणजे पोफळींची मिश्र बाग. पोफळींवर चढवलेल्या मिरीच्या १२० वेली, त्यातल्या ३१ गेल्या पावसात मेल्या. वाचकाने एका प्रशिक्षणात ‘स्यूडोमोनास’ या मुळांवर राहणाऱ्या उपयुक्त जिवाणूबद्दल ऐकलं. मार्चमध्ये दोन किलो पावडर आणून पंपाच्या खोपीत ठेवली. जुलैच्या मध्यावर पानं गळायला लागली तेव्हा ती कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांब्याच्या बुरशीनाशकाबरोबर एकाच पिंपात कालवून सगळ्या वेलींच्या बुंध्यात ओतली. फरक शून्य. वडील सत्तरीचे, चाळीस वर्षं बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारत आलेले. त्यांच्या मते पावडर म्हणजे पैसे पाण्यात. मुलाला मात्र बोर्डो कायमचा बंद करायचाय. जेवायला बसलं तरी हाच वाद. प्रश्न असा : ‘यंदा बोर्डो बंद करून जिवाणूंची मात्रा दुप्पट करू, की हे सगळं थोतांड समजून सोडून देऊ?’

उत्तर :

दोन्ही नको. आधी गेल्या वर्षीचा पंचनामा करू, कारण तुमच्या प्रश्नातली निम्मी गाठ तिथेच सुटते.

तुम्ही लिहिता की जिवाणू वापरून पाहिले आणि चालले नाहीत. खरं सांगायचं तर तुम्ही जिवाणू वापरलेच नाहीत. स्यूडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणू बीजाणू करत नाही. म्हणजे वाईट दिवसांत कवच घालून झोपी जाण्याची सोय त्याच्याकडे नाही. शंखजिऱ्याच्या पावडरीत, सावलीच्या थंड जागी, तो साधारण तीन ते सहा महिने कामापुरता जिवंत राहतो. तुमचं पाकीट मार्च ते जुलै पत्र्याखालच्या खोपीत होतं. एप्रिल-मेच्या दुपारी त्या खोपीत हात घालून पाहिलात तर बाकी सांगायची गरज नाही. त्यातून जे वाचले असतील त्यांना तुम्ही कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या पिंपात बुडवलं. तांबं बुरशीला मारतं तसं जिवाणूंनाही मारतं. भाजीवरच्या जिवाणूजन्य ठिपक्यांवर लोक तांबंच फवारतात, ते याचसाठी. आणि दोन किलो भागिले १२० वेली म्हणजे वेलीला जेमतेम १७ ग्रॅम. हा प्रयोग फसला म्हणायलाही जागा नाही, तो झालाच नाही.

तरी समजा पावडर ताजी होती, पिंप स्वच्छ होतं, मात्रा पुरेशी होती. मग त्या ३१ वेली वाचल्या असत्या का? बहुतेक नाही, कारण पानं गळायला लागल्यावर तुम्ही गेलात. पत्रात तुम्ही सगळीकडे ‘औषध’ हा शब्द वापरलाय आणि माझ्या मते खरी अडचण त्या शब्दात आहे. औषध आजार झाल्यावर देतात. हे जिवाणू भाडेकरू आहेत. जत्रेतल्या नाटकाला लोक संध्याकाळीच चटई टाकून जागा धरतात ना, तसं यांचं काम. रात्री अकराला चटई घेऊन गेलं तर कुणी उठून जागा देत नाही.

मुळांच्या टोकांतून साखर, अमिनो आम्लं, सेंद्रिय आम्लं सतत झिरपत असतात. त्या पाझरावर पोसलेला, मुळाभोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा मातीचा थर बाकी मातीपेक्षा कितीतरी पटीने जिवाणूंनी गजबजलेला असतो. लॉरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये या थराला ‘ऱ्हायझोस्फिअर’ हे नाव दिलं. मिरी मारणारा फायटोफ्थोरा कॅप्सिसी याच पाझराच्या वासावर येतो. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण शास्त्राच्या वर्गवारीत तो खऱ्या बुरशीत बसत नाही, पाणबुरशीत मोडतो. हा नुसता नावाचा फरक नाही. त्याचे बीजाणू शेपट्या हलवत पाण्यातून पोहतात. म्हणजे आळ्यात साचलेलं पाणी हा त्यांचा हमरस्ता. आणि म्हणूनच नुसत्या बुरशीवर चालणारी कार्बेन्डाझिमसारखी औषधं इथे उपयोगी पडत नाहीत.

आधी येऊन बसलेला स्यूडोमोनास तीन-चार बाजूंनी काम करतो. मुळावरची जागा आणि अन्न अडवतो. प्रतिजैविकं सोडतो. त्याचे काही स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, साबणासारखा एक पदार्थ तयार करतात, त्याने पोहणाऱ्या बीजाणूंचं नाजूक आवरण फुटतं. आणि मुळाला झालेल्या या शेजारामुळे वेलीची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होते, पार पानांपर्यंत. पाकिटांवर आणखी एका कामाची मोठी जाहिरात असते : हा जिवाणू मातीतलं लोह पकडून ठेवतो आणि शत्रूला उपाशी मारतो. चुनखडीच्या जमिनीत ते खरंही आहे. पण आपल्या लाल, जांभ्याच्या, आंबट मातीत विरघळलेल्या लोहाची टंचाई फारशी नसते आणि लोह भरपूर मिळालं की हा जिवाणू ते पकडणारं रसायन बनवणंच कमी करतो. तेव्हा गोव्यात या एका गुणाच्या भरवशावर कुणी महागडं पाकीट गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

त्या ३१ वेली नक्की कशाने मेल्या?

तुम्ही सरळ ‘बुरशीने’ लिहिलंय. बहुधा बरोबर आहे, पण खात्री करा, कारण मिरीत दोन मरी आहेत. जलद मर पावसात येते. पानांवर कडेला झालरीसारखे फाटे फुटलेले काळे डाग, जमिनीलगतचं खोड काळं पडून कुजलेलं, आणि दोन-तीन आठवड्यांत वेल खलास. संथ मर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून दिसते. पानं पिवळी पडतात, थोडी थोडी गळतात, पुढच्या पावसात वेल जरा सावरते, पुन्हा खालावते, असं दोन-तीन वर्षं चालतं. तिच्यामागे मुळांतले सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखे सूक्ष्म जंत, असतात आणि बरेचदा त्यांच्या जोडीला हाच फायटोफ्थोरा बारीक मुळं कुजवत असतो. अशी वेल उपटून पाहा. बारीक मुळांवर गाठी असतील तर नुसत्या जिवाणूंनी भागणार नाही, मुळांचा नमुना तपासून घ्यावा लागेल.

मातीत फायटोफ्थोरा आहे का, याचा अंदाज घरी घेता येतो. मेलेल्या वेलीच्या बुंध्याजवळून, वीतभर खोलीवरून, बारीक मुळांसकट ओंजळभर माती काढा. पसरट भांड्यात मातीच्या चौपट विहिरीचं पाणी घालून ढवळा आणि गाळ बसू द्या. निरोगी मिरवेलीच्या कोवळ्या पानाचे रुपयाएवढे तुकडे कापून वर तरंगत सोडा. भांडं सावलीत ठेवा. शेजारी दुसरं भांडं, त्यात तीच माती उकळून गार केलेली, बाकी सगळं तसंच. दोन-तीन दिवसांत पहिल्या भांड्यातल्या तुकड्यांच्या कडा पाणी प्यायल्यासारख्या होऊन काळ्या पडल्या आणि दुसऱ्यातले हिरवे राहिले, तर शत्रू घरात आहे असं समजा. ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे. पण मेलेल्या वेलींच्या जागा, कुळागराचा सखल कोपरा आणि निरोगी ओळ अशा तीन ठिकाणची माती तपासलीत तर शत्रू किती पसरलाय याचा अंदाज येतो. पक्कं निदान जुने गोवे इथे, एला गावातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारून करून घ्या.

वडील कुठे बरोबर, तुम्ही कुठे बरोबर

वडिलांचा बोर्डो मुख्यतः सुपारीच्या घोसांवर जातो, पावसात सुपारी कुजून गळते त्या कोळेरोगासाठी. तोही फायटोफ्थोराच, मिरीवाल्याचा भाऊबंद. तिथे जिवाणूंची फवारणी बोर्डोची जागा घेईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस झोडपणाऱ्या प्रदेशात उघड्या घोसावर जिवाणू टिकवणं अवघड. चुन्याने चिकटून बसलेलं तांबं टिकतं. तेव्हा घोसावरचा बोर्डो बंद केलात तर चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या माटोळीला बांधण्यापुरतीही सुपारी झाडावर उरेल का, शंका आहे.

जमिनीखाली मात्र तुमची बाजू खरी. तांबं मातीत विरत नाही, साठत जातं. चाळीस वर्षं घोसावरून ठिबकलेलं तांबं त्याच पोफळीच्या बुंध्यात, म्हणजे मिरीच्या मुळांवर पडत आलंय. त्यात आळ्यात मुद्दाम कॉपर ऑक्सिक्लोराइड ओतायची सवय लागली की मुळांवर चांगला-वाईट कुणीच टिकत नाही. आणि रिकाम्या जागेत पोहून येणारा सगळ्यात आधी पोचतो.

तेव्हा वाटणी अशी करा : वर बोर्डो, खाली जिवाणू. यंदा आळ्यात तांबं ओतायचं नाही. वरून ठिबकणाऱ्याचं काय, याचं उत्तर कुळागरातच पडलेलं आहे. जिवाणूंचं खत दिल्यावर आळं सुक्या पाचोळ्याने चांगलं चार बोटं झाका, वर पोफळीच्या विऱ्या, म्हणजे गळालेल्या झावळ्यांचे रुंद देठ, पालथ्या टाका. ठिबकणारं तांबं बरंचसं त्या पालापाचोळ्यातच अडकतं. शिवाय पावसाचे थेंब मातीवर आपटून चिखलाचे शिंतोडे खालच्या पानांवर उडत नाहीत. रोग वर चढतो तो याच शिंतोड्यांवरून. फवारणी आटोपली की विऱ्या उचलून बाजूला काढा, नाहीतर त्यात पाणी साचून डासांची पैदास. पाचोळा असू द्या, फक्त खोडाला टेकवू नका.

वेळापत्रक

तुमच्याकडे पाटाचं पाणी आहे, ही मोठी सोय. माती मेमध्येही ओली असते, म्हणजे पावसाची वाट न पाहता भाडेकरू आधी बसवता येतात.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मातीचा सामू, म्हणजे आंबटपणाचा आकडा (पीएच), तपासून घ्या. साडेपाचच्या खाली असेल तर वेलीला अर्धा किलो चुना आळ्यात पसरून हलक्या हाताने मिसळा. हे दरवर्षी नको, एक वर्षाआड. चुना आणि जिवाणू यांच्यात किमान तीन आठवडे जाऊ द्या.

एप्रिलच्या शेवटी खत तयार करायला घ्या. उरलेल्या ८९ वेलींसाठी पूर्ण कुजलेलं शेणखत २०० किलो, निंबोळी पेंड २० किलो, पावडर ४ किलो. शेणखत हातात घेतलं की चहापत्तीसारखं मोकळं हवं आणि शेणाचा वास जायला हवा. कच्च्या शेणखतात उष्णता चढते आणि तुमचे जिवाणू पहिल्याच रात्री भाजून निघतात. सावलीत गोणपाटावर पेंड आणि खत कालवा आणि पाणी शिंपडत राहा. मूठ आवळल्यावर लाडू व्हावा, बोट लावताच फुटावा आणि बोटांतून पाणी गळू नये, एवढीच ओल. निंबोळी पेंड ओली झाली की तापते. म्हणून हा ढीग आठवडाभर ठेवा, दोनदा उलटा, आणि आत हात घालून गार लागला की मगच पावडर मिसळा. या क्रमात सगळ्यांत जास्त चुका होतात. तीन दिवस ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवा आणि लगेच वापरा.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात, पाट सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, वेलीला साधारण अडीच किलो या हिशोबाने खत द्या. खोडाला चिकटून ढीग नको. खोडापासून वीतभर सोडून फूट-दीड फुटापर्यंत पसरा, वरची माती हाताने सारखी करा. कुदळ लावू नका, तुटलेलं मूळ म्हणजे उघडं दार. वर पाचोळा.

मेच्या शेवटी वडिलांचा पहिला बोर्डो. एक टक्का : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. विळ्याचं पातं मिनिटभर बुडवून काढल्यावर तांबूस झालं तर चुना कमी पडलाय. असं मिश्रण पानंही भाजतं आणि खाली ठिबकून जिवाणूंना जास्त नडतं. ही परीक्षा वडील न चुकता करत असतील. शेजारच्या कामगारांना फवारायला दिलंत तर मात्र स्वतः उभे राहा.

दुसरा बोर्डो ४० ते ४५ दिवसांनी, म्हणजे जुलैच्या मध्यावर. त्यानंतर पंधरा दिवस थांबा आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उघडीप बघून जिवाणूंची आळवणी करा, म्हणजे द्रावण आळ्यात ओता : लिटरला २० ग्रॅम पावडर, वेलीला ३ लिटर. ८९ वेलींना २६७ लिटर पाणी, सुमारे साडेपाच किलो पावडर. मातीत सोडलेल्या जिवाणूंची संख्या आठवड्यागणिक घटत जाते, म्हणून एकदाच देऊन भागत नाही. आळ्यात पाणी उभं असेल त्या दिवशी ओतू नका, सगळं वाहून शेजाऱ्याच्या बांधाला जाईल. पाऊस लांबला तर सप्टेंबरात आणखी एकदा द्या.

ज्यांच्याकडे उन्हाळी पाणी नाही त्यांनी मेमध्ये कोरड्या मातीत पावडर टाकू नये. बोर्डो पावसाआधी उरकून घ्यावा आणि मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस पडून माती मुरली की जूनच्या मध्याला खत द्यावं.

हे सगळं करून आळ्यात पाणी साचतच राहिलं तर खर्च फुकट. मेमध्येच दोन ओळींमधले चर साफ करा. जमिनीवर लोळणाऱ्या तंतूवेली छाटा किंवा वर बांधा. पोफळीबाहेरच्या आधारझाडांच्या फांद्या उतरवून उजेड येऊ द्या. मेलेल्या ३१ वेलींची मुळं अजून जमिनीत असतील तर ती काढून जाळा. माझ्या हिशोबात निम्मं यश या फुकटच्या कामांत आहे, पावडरीच्या कंपन्या ते छापत नाहीत एवढंच.

पावडर घेताना आणि कालवताना

पाकिटावर चार गोष्टी वाचा : केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, जिवाणूचं पूर्ण नाव, ग्रॅममागे जिवंत जिवाणूंची संख्या आणि तयार केल्याची तारीख. संख्या ‘सी.एफ.यू.’ अशी लिहिलेली असते. जिवाणूसाठी ती किमान १० चा ८ वा घात हवी, म्हणजे ग्रॅमला १० कोटी. तयार होऊन दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त झालेलं पाकीट घेऊ नका. दुकानात ते उन्हाच्या काचेमागे ठेवलेलं असेल तर तारीख ताजी असली तरी नको. मार्चमध्ये आणून ठेवू नका, लागेल त्याच महिन्यात आणा आणि घरातल्या सगळ्यात गार, कोरड्या कोपऱ्यात ठेवा. ऑगस्टसाठी वेगळी खरेदी करा.

ताजी पावडर मिळणं मुश्कील असेल तर बॅसिलस सबटिलिस बघा. तो बीजाणू करतो, उकाडा आणि दुकानातली फळी दोन्ही सोसतो, वर्षभर टिकतो. मुळांवर पसरायला स्यूडोमोनासइतका चपळ नसतो असा साधारण अनुभव आहे, पण मेलेल्या चपळापेक्षा जिवंत संथ बरा.

आळवणीचं पाणी विहिरीचं घ्या. नळाचं असेल तर क्लोरीन उडून जायला उघड्या पिंपात रात्रभर ठेवा. पावडर थेट पिंपात टाकलीत की गुठळ्या तरंगतात, म्हणून आधी बादलीत थोड्या पाण्यात भज्याच्या पिठासारखी कालवा, मग पिंपात ओता आणि जुन्या धोतराच्या फडक्याने गाळा. शंखजिरं तळाला बसतं, दर पाच-दहा मिनिटांनी काठीने ढवळा, नाहीतर पहिल्या ओळीला नुसतं पाणी आणि शेवटच्या ओळीला चिखल मिळतो. कालवलेलं त्याच संध्याकाळी संपवा. आणि पिंप वेगळं ठेवा, ज्यात कधी मोरचूद पडला नाही असं. रंगाने ‘जिवाणू’ लिहा, म्हणजे मदतीला आलेला माणूस चुकणार नाही. कोरडी पावडर हाताळताना नाकाला फडकं बांधा. हातावर ताजी जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या.

ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशीही द्यायची असेल तर द्या, मिरीत तिचा उपयोग आहे, वेलीला ५० ग्रॅम खतातून. पण एका पिंपात दोघांना कालवू नका. काही स्ट्रेन एकमेकांचंच नुकसान करतात. मध्ये दोन आठवडे ठेवा.

गुळाच्या पाण्यात पावडर घालून २०० लिटर ‘घरचे जिवाणू’ करण्याचा प्रकार सध्या फार चाललाय. माझं मत विरोधात आहे. गुळाच्या उघड्या पिंपात सगळ्यात जोमाने जे वाढतं ते स्यूडोमोनास असेलच असं नाही. पिंपाला आंबूस वास आला, बुडबुडे आले, म्हणजे काहीतरी वाढलंय एवढंच कळतं. काय वाढलंय ते डोळ्यांना दिसत नाही.

भर पावसात वेल आजारी दिसलीच तर

तेव्हा जिवाणूंची मात्रा वाढवत बसू नका. मरणारी वेल मुळासकट काढा. तिच्या चारी बाजूंच्या वेलींना पोटॅशियम फॉस्फोनेट ०.३ टक्के, म्हणजे लिटरला ३ मिली, वेलीच्या आकाराप्रमाणे ५ ते १० लिटर आळ्यात द्या. तांब्यासारखा ते जिवाणूंचा नायनाट करत नाही, म्हणून मी ते आधी सुचवतो. दुसरा पर्याय मेटॅलॅक्सिल-मँकोझेब, लिटरला सव्वा ग्रॅम. प्रमाण लेबलावर ताडून पाहा आणि विभागीय कृषी कार्यालयात एकदा विचारा. तुम्ही सेंद्रिय प्रमाणपत्राच्या वाटेवर असाल तर ही दोन्ही चालणार नाहीत, बोर्डो मात्र ठरावीक मर्यादेत चालतो. हे वडिलांना सांगा, त्यांना बरं वाटेल. पंधरा दिवसांनी पुन्हा जिवाणूंची आळवणी.

रिकाम्या ३१ जागा

जिवाणूंचा सगळ्यात जास्त फायदा इथे आहे आणि तुमच्या पत्रात याचा उल्लेखच नाही. मोठ्या वेलीच्या मुळांवर आधीच गर्दी असते. कोवळ्या कलमाची मुळं मोकळी, तिथे पहिला येणारा पाय रोवून बसतो. रोपवाटिकेची माती एप्रिलच्या उन्हात ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली महिनाभर तापवा. मग दर किलो मातीला १० ग्रॅम पावडर मिसळून पिशव्या भरा. मिरीची छाटकलमं लावण्याआधी बुडाकडची दोन पेरं लिटरला २० ग्रॅमच्या द्रावणात अर्धा तास बुडवा. महिन्याने प्रत्येक पिशवीत कपभर द्रावण घाला. बाहेरून रोपं आणणार असाल तर मूळ पाहिल्याशिवाय घेऊ नका. शत्रू बहुतेक वेळा पिशवीतूनच कुळागरात शिरतो.

जात निवडताना, कोळिकोडच्या मसाला संशोधन संस्थेच्या ‘आयआयएसआर शक्ती’ आणि ‘आयआयएसआर थेवम’ या दोन जाती फायटोफ्थोराला बऱ्यापैकी सोसतात. ‘पन्नियूर-१’ उत्पन्नाला चांगली, पण या रोगाला हळवी, म्हणून सखल कोपऱ्यात ती लावू नका.

मिरी नसलेल्या वाचकांसाठी

भाताला किलो बियाण्यामागे १० ग्रॅम : बी रात्रभर भिजवून निथळा, पावडर चोळा आणि मोड येईपर्यंत ओल्या गोणपाटात ठेवा. लावणीचा तरवा काढल्यावर मुळं अर्धा तास द्रावणात बुडवली तर पर्णकोष करप्यावर थोडी मदत होते. थोडीच, कारण नत्र जास्त ओतलं तर करप्यापुढे जिवाणूंचं काही चालत नाही. मिरचीच्या रोपवाटिकेत रोपं जमिनीलगत कुजून कोलमडतात, तिथे उंच वाफा, पातळ पेरणी आणि लिटरला १० ग्रॅमची आळवणी यांचा चांगला उपयोग होतो. वांग्याच्या मरीला मात्र आधी ओळखा. झाड हिरवंच्या हिरवं माना टाकत असेल तर बुंध्याचा तुकडा कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभा लटकवा. पाच-दहा मिनिटांत दुधासारखी धार खाली उतरली तर ती मर बुरशीची नाही, जिवाणूजन्य आहे. किनारी पट्ट्यात ती फार. तिथे भरवसा पावडरीपेक्षा रोगाला दाद न देणाऱ्या जातींवर आणि पीकपालटीवर ठेवा.

आता घरातल्या वादाचं. तुम्ही वडिलांना पटवून द्यायच्या मागे आहात आणि ते तुम्हाला. दोघांकडेही मोजलेलं काही नाही. गेल्या वर्षी सगळ्या वेलींना एकच पिंप दिलंत, त्यामुळे पावडर न देता काय झालं असतं हे तुम्हालाही सांगता येत नाही. यंदा ८९ पैकी १५ वेलींना जिवाणू द्यायचे नाहीत. वरचा पावडरीचा हिशोब ८९ वेलींचा आहे, तो त्या मानाने कमी करा. बाकी सगळं सारखंच : चर, छाटणी, पेंड, पाचोळा, घोसावरचा बोर्डो. त्या १५ वेलींचं साधं खत पावडर मिसळण्याआधीच बाजूला काढा आणि आधी तेच पसरा, नाहीतर हाताला लागून तिथेही पावडर पोचेल. या वेली एका कोपऱ्यात नकोत, वरच्या उतारापासून सखल भागापर्यंत विखुरलेल्या हव्यात. पोफळीला लाल नाडी बांधा. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघांनी मिळून फिरायचं आणि वहीत तीन रकाने भरायचे : निरोगी, डाग दिसणारी, मेलेली. एका वर्षाने निकाल लावू नका, पाऊस दरवर्षी सारखा नसतो. निदान तीन पावसाळे वही चालू ठेवा.

त्या १५ वेली निवडायचं काम वडिलांना देणार असाल तर ते सगळ्यात दणकट १५ निवडतील. तुम्ही निवडलात तर सगळ्यात मरतुकड्या. म्हणून चिठ्ठ्या टाका, आणि उचलायला घरातल्या तिसऱ्याच माणसाला सांगा.